हरसूलकडून आलेली डिस्क आणि सुलाबाई पगारे

नाशिक रोडला जेलरोडच्या बाजूस एक जुनी वसाहत आहे. तिच्या तिसऱ्या गल्लीत, विहारापासून चौथे घर सुलाबाई पगारे यांचे. घराच्या पुढच्या खोलीच्या दारावर एक पांढरा पत्रा ठोकलेला असून त्यावर निळ्या अक्षरांत लिहिले आहे : ‘संगणक दुरुस्ती. वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी सहा.’ त्याखाली आणखी एक ओळ आहे, ती नंतर लिहिलेली असावी, कारण तिची अक्षरे जरा दाटीने बसली आहेत : ‘घाई असल्यास इतरत्र जावे.’ ही ओळ वाचून काही लोक खरोखरच इतरत्र जातात. त्यांतील बरेच जण आठवडाभरात परत येतात.

सुलाबाईंचे वय आज अडुसष्ट आहे. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यांचे यजमान सरकारी छापखान्यात नोकरीस होते. ते अकाली गेले आणि त्यांच्या जागी तिसाव्या वर्षी सुलाबाई कामावर रुजू झाल्या. पदरी दोन मुले होती. त्यांना तपासणी खात्यात बसवण्यात आले. तेथे टपाल तिकिटांचे छापून आलेले ताव एकेक करून डोळ्यांखालून घालायचे असत. चांगला ताव मोजावा लागतो हे कोणालाही समजते. परंतु खराब ताव तितक्याच काळजीने मोजावा लागतो, हे सुलाबाईंना तेथे समजले. डाग पडलेला, फाटलेला, रंग सरकलेला असा प्रत्येक ताव वेगळा काढून त्यावर शिक्का मारायचा, त्याचा आकडा लिहायचा आणि संध्याकाळी चांगले अधिक खराब मिळून सकाळी आलेल्या तावांएवढी बेरीज भरायची. ती भरल्याशिवाय खोलीचे दार उघडत नसे.

एके दिवशी एक ताव कमी भरला. चाळीस बायका खोलीत अडकून पडल्या. कोणाचे मूल शाळेतून यायचे होते, कोणाची गाडी निघून चालली होती. सर्वांनी चांगल्या तावांचे गठ्ठे दोनदा मोजले. सुलाबाईंनी खराब तावांचा गठ्ठा सोडला आणि एकेक ताव उजेडाकडे धरून पाहिला. हरवलेला ताव दुसऱ्या एका डागाळलेल्या तावाच्या पाठीला ओल्या शाईने चिकटून बसला होता. त्या दिवसापासून त्यांच्या मनाने एक गोष्ट धरली, ती अशी की जे खराब म्हणून बाजूला टाकले जाते, त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, आणि म्हणून तेथेच आधी पाहिले पाहिजे.

पुढे खात्यात संगणक आले. ते बिघडले की बाहेरून एक कारागीर येई. त्याचे स्क्रू हरवू नयेत म्हणून सुलाबाई डब्यातील वाटी घेऊन शेजारी उभ्या राहत. तो उशिरा यायचा आणि काम खोळंबायचे, म्हणून हळूहळू वाटीही त्यांच्याच हाती राहिली आणि स्क्रू काढण्याचे हत्यारही. निवृत्तीनंतर त्यांनी रीतसर सहा महिन्यांचा वर्ग केला. वर्गातील मुले पहिल्या महिन्यात त्यांना आजी म्हणत होती आणि चौथ्या महिन्यात मॅडम म्हणू लागली.

अशा या सुलाबाईंच्या दारात, दसऱ्यानंतरच्या शनिवारी सकाळी, एक रिक्षा येऊन थांबली.

रिक्षातून दोन पुरुष उतरले. एक तिशी-पस्तिशीचा, पॅन्ट-शर्ट घातलेला, हातात कागदांची पिशवी. दुसरा सत्तरीच्या जवळ आलेला, काटक, डोक्याला टोपी, आणि त्याने छातीशी घोंगडीत गुंडाळलेले काहीतरी असे धरले होते, की पाहणाऱ्याला वाटावे आजारी मूल आणले आहे. घोंगडीतून संगणकाची पेटी निघाली.

“जोहार मावशी,” तरुण म्हणाला. “मी वाल्मीक भोये. हरसूलच्या पुढे डोंगरात आमचा पाडा आहे. हे आमचे मंगळूबाबा.”

“जय भीम. जोहार. बसा,” सुलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आधी दोघांना पाणी दिले.

वाल्मीक पाड्याच्या वनहक्क समितीचा सचिव होता. त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे. पाड्यावरील बावीस कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जंगलालगतची जमीन कसत आली आहेत. ती जमीन नावावर व्हावी म्हणून त्यांनी दावे दाखल केले होते. पुरावा अपुरा आहे, असा शेरा होऊन ते दावे परत आले. कागद तर कोणाकडेच नव्हते. मात्र पाड्यावर कलाबाई नावाची पंचाऐंशी वर्षांची म्हातारी होती. कोणत्या तुकड्यात पहिला नांगर कोणी घातला, कोणत्या वर्षी, कोणाच्या बापाने, हे तिला तोंडपाठ होते. वाल्मीकने उन्हाळ्यात मोबाइलवर तिचे चित्रण केले. तिला चालवत नव्हते, म्हणून तिचा पुतण्या मंगळूबाबा याने तिला पाठीवर घेतले आणि बावीसही शेतांच्या बांधावरून फिरवले. ती पाठीवरूनच हात करून हद्दी दाखवत गेली. सत्तेचाळीस मिनिटांचे ते चित्रण समितीच्या संगणकात घातले. पुढे मोबाइल ओढ्यात पडून गेला. श्रावणात कलाबाईही गेली. येत्या बुधवारी त्र्यंबकेश्वरला पुन्हा सुनावणी होती, आणि संगणक सुरू होत नव्हता.

“दुसरी प्रत?” सुलाबाईंनी विचारले.

वाल्मीकने मान खाली घातली. पेन ड्राइव्ह आणायचा होता, पण भातलावणी निघाली, मग गणपती आले, असे तो पुटपुटला.

सुलाबाई टेबलाकडे वळल्या. त्यांनी वायर जोडून पेटी सुरू केली. पंखा फिरला, पडदा काळा झाला आणि त्यावर दोन ओळी पांढऱ्या अक्षरांत उमटल्या. डिस्क वाचताना चूक झाली आहे, यंत्र पुन्हा सुरू करावे, असा त्यांचा अर्थ होता. सुलाबाईंनी पुन्हा सुरू केले नाही. उलट वायरच काढून घेतली.

“तुम्ही किती वेळा केलंत पुन्हा सुरू?”

“झालं असेल वीसेक वेळा,” वाल्मीक म्हणाला. “तेच लिहिलं होतं ना त्यावर. आणि वाटेत एका दुकानात दाखवलं. तो म्हणाला, सगळं पुसून नवं टाकून देतो, तासाभरात मिळेल.”

“मग दिलं का नाहीत?”

“बाबांनी पेटी हातातून सोडलीच नाही.”

मंगळूबाबा भिंतीकडे पाहत होता. सुलाबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि विचारले, पेटी कुठे पडली का, आपटली का. दोघेही नाही म्हणाले. मग त्यांनी पेटीचे झाकण काढले. समोरच्या बाजूला वाळलेल्या कुंकवाची दोन बोटे होती. जाळीत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. आणि आत, डिस्कच्या बाजूलाच, नारळाच्या शेंडीचा एक लांबसा धागा पडलेला होता. सुलाबाईंनी तो चिमट्याने उचलून टेबलावर ठेवला.

“दसऱ्याला पूजा केलीत ना याची?”

“केली,” वाल्मीक म्हणाला. “दरवर्षी करतो. नांगर, कोयता, विळा, आणि दोन वर्षांपासून हा.”

“नारळ कुठे फोडला?”

वाल्मीकने मंगळूबाबाकडे पाहिले. मग मंगळूबाबा बोलला.

“मी फोडला. टेबलावरच. कार्यालयात दगुड नाय. नारळ लय टणक निघाला, एका टोल्यात फुटला नाय. चार घातले.”

“आणि हा तेव्हा चालू होता?”

“चालूच व्हता. बंद यंत्राची पूजा कशी करायची, बाई? निजलेल्याला कोणी ओवाळतं का?”

वाल्मीकला हसू आले आणि ते दाबावे लागले. सुलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याला समजेल अशा रीतीने सांगितले, की या डब्यात एक चकती असते, ती भिंगरीपेक्षा जोरात फिरते, आणि तिच्यावर एक सुई तरंगत असते. दोघींमध्ये केसाएवढेही अंतर नसते. फिरत असताना हादरा बसला की सुई चकतीवर आपटते आणि तेवढ्या जागेला ओरखडा पडतो. यंत्र बंद असते, तर ती सुई बाजूला जाऊन बसलेली असते, आणि मग चार टोल्यांनी बहुधा काही झाले नसते.

मंगळूबाबाने हे सर्व लक्ष देऊन ऐकले. मग तो अगदी सावकाश म्हणाला, “म्हंजे काकूचं बोलणं मीच मारलं.”

“तसं काही ठरलेलं नाही,” सुलाबाई म्हणाल्या. “ओरखडा किती आहे ते मोजायचं आहे अजून. मोजल्याशिवाय रडायचं नाही, ही माझ्या घरची रीत आहे.”

त्यांनी डिस्क पेटीतून सोडवली, कानाशी धरून क्षणभर चालू केली आणि बंद केली. टकटक असा आवाज नव्हता. सुई अजून चालत होती. त्यांनी एका फुलस्केप वहीत तारीख, वाल्मीकचे नाव, डिस्कचा क्रमांक आणि तिची मूळ अवस्था लिहून घेतली. तोवर वाल्मीकने मोबाइलवर काही वाचले होते. त्यात असे होते, की दुरुस्तीची एक आज्ञा दिली की संगणक स्वतःच डिस्क तपासून ठीक करतो. ती देऊन पाहावी का, असे त्याने विचारले.

“देणार आहे,” सुलाबाई म्हणाल्या, “पण या डिस्कला नाही. आजारी माणसाकडून आपण धोंडे उचलून घेत नाही. आधी हिची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर काढायची. जे वाचता येईल ते घ्यायचं, जे येणार नाही त्याची जागा सोडायची आणि आकडा लिहायचा. मग काय दुरुस्ती करायची ती नकलेवर. बिघडली तर नक्कल बिघडेल.”

हे सगळे किती दिवस चालेल, असे वाल्मीकने विचारले. सुलाबाईंनी दाराबाहेरच्या पाटीकडे बोट केले. वाल्मीकने ती दुसऱ्यांदा वाचली आणि तो नवी डिस्क आणायला बाजारात गेला.

वाल्मीकची मामेबहीण नाशिक रोडलाच राहत होती. तेथे उतरायचे असे ठरले होते. पण संध्याकाळी सहा वाजता सुलाबाईंनी दार लावायला घेतले, तरी मंगळूबाबा ओट्यावरून उठेना. डिस्क इथे आहे तर मीही इथेच बसतो, असे त्याचे म्हणणे पडले. सुलाबाईंची सून सुवर्णा आतून म्हणाली, “बाबा, आमच्याकडे चोर येत नाहीत. त्यांना ठाऊक आहे, की आमच्या सासूबाई त्यांनाही वहीत लिहून घेतील.” म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा काही हलले. तो उठला, पण रविवारी सकाळी सुलाबाईंनी दार उघडले तेव्हा तो पुन्हा ओट्यावर होता.

नक्कल काढण्याचे काम रविवारी नऊ वाजता सुरू झाले. सुलाबाईंनी आपला संगणक पेन ड्राइव्हवरील एका वेगळ्या प्रणालीने सुरू केला, म्हणजे जुन्या डिस्कवर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. जुनी डिस्क एका बाजूस, नवी दुसऱ्या बाजूस. जुन्या डिस्कखाली त्यांनी ओल्या फडक्यावर ठेवलेले पितळी ताट सरकवले, ताट आणि डिस्क यांच्यामध्ये कोरडा पुठ्ठा घातला आणि वरून टेबलपंखा लावला, कारण तापलेली डिस्क लवकर दम सोडते. पडद्यावर आकडे चढू लागले. जेथे वाचता येत नसे तेथे यंत्र अडून न बसता ती जागा सोडून पुढे जाई आणि सोडलेल्या जागेची नोंद ठेवी.

दुपारी चारच्या सुमारास पहिली फेरी पूर्ण झाली. सुटलेले खंड, म्हणजे डिस्कवरचे वाचता न आलेले बारीक तुकडे, एक हजार तीनशे बारा. सुलाबाईंनी आकडा वहीत लिहिला. वाल्मीकचा चेहरा उतरला. तेराशे म्हणजे सगळे गेलेच, असे त्याला वाटले. सुलाबाईंनी त्याला आकड्याचा अर्थ सांगितला. डिस्कवर असे कोट्यवधी खंड असतात. आणि शिवाय सुटलेला खंड म्हणजे गेलेला खंड नव्हे. तो फक्त एकदा वाचता आला नाही. छापखान्यात त्यांनी खराब गठ्ठा कसा तपासला, ते सांगायला त्यांना या वेळी वेळ होता, आणि त्यांनी तो प्रसंग चहा घेता घेता सविस्तर सांगितला. मंगळूबाबाने शेवटी एवढेच विचारले, की तो ताव सापडल्यावर त्या बायकांच्या साहेबाने काय दिले. “घरी जायला दिलं,” सुलाबाई म्हणाल्या.

सोमवारी दुसरी फेरी. आता चांगल्या भागाला हात लावायचा नव्हता. फक्त सुटलेल्या तेराशे बारा जागांवर परत जायचे होते, आणि तेही उलट दिशेने. सुई एका बाजूने येताना जेथे अडखळते, तेथे दुसऱ्या बाजूने येताना कधीकधी वाचून जाते, हा सुलाबाईंचा अनुभव होता. दोन-दोन तासांनी त्या काम थांबवून डिस्कला निवू देत. मध्ये गल्लीतील एक मुलगी प्रिंटर घेऊन आली, तिला त्यांनी गुरुवारी यायला सांगितले. आकडा उतरत गेला. बाराशे, नऊशे, चारशे. दुपारी जेवणानंतर एकशे दहा. वाल्मीक आता पडद्यासमोरून हलत नव्हता. मंगळूबाबाला आकडे वाचता येत नसत, पण वाल्मीकच्या खांद्यांवरून त्याला सर्व कळत होते.

पाच वाजता आकडा एकसष्टवर आला आणि तेथेच राहिला. सुलाबाईंनी आणखी दोन वेळा प्रयत्न केला. एकसष्टच. तेवढ्यात डिस्कमधून पहिल्यांदा बारीक टक्‌ असा आवाज आला, आणि सुलाबाईंनी तत्काळ वायर काढली.

“आणखी एकदा बघू ना मावशी,” वाल्मीक म्हणाला.

“नाही. तिने द्यायचं ते दिलं. आता तिला त्रास दिला तर आपण माणसं कसली?”

त्यांनी जुनी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर चिठ्ठी लावली आणि वाल्मीकच्या हवाली केली. नंतर नव्या डिस्कवरील नकलेला त्यांनी ती दुरुस्तीची आज्ञा दिली, जी द्यायला वाल्मीक शनिवारपासून उतावीळ होता. मग एकसष्ट खंड कोणत्या ठिकाणचे आहेत याचा त्यांनी शोध घेतला. चौदा खंड मोकळ्या जागेतील होते, त्यांत काहीच नव्हते. चाळीस खंड संगणक सुरू करणाऱ्या प्रणालीचे होते, आणि पडद्यावर त्या दोन पांढऱ्या ओळी का येत होत्या ते त्यावरून उघड झाले. ते भाग चांगल्या प्रतीतून पुन्हा घालता येणारे होते आणि ते त्यांनी घातले. चौदा आणि चाळीस मिळून चोपन्न. राहिले सात.

“सात कुठले?” वाल्मीकने विचारले.

सुलाबाईंनी वहीत लिहिले आणि मग सांगितले, “तुमच्या आजीच्या चित्रणातले.”

मंगळवारी सकाळी नव्या डिस्कवरून पेटी सुरू झाली. काळा पडदा आला आणि गेला, आणि वाल्मीकने समितीसाठी लावलेले डोंगराचे चित्र समोर उभे राहिले. वाल्मीकने दोन्ही हात जोडले, आणि ते नक्की कोणाला जोडावेत हे न कळून तसेच धरून ठेवले. चित्रण सुरू झाले. पडद्यावर मंगळूबाबा वाकून चालत होता आणि त्याच्या पाठीवर, लुगड्याचा काचा घट्ट मारलेली, एवढीशी कलाबाई होती. तिचा आवाज मात्र लहान नव्हता. “हाळू चाल रं, मी काय लाकडाची मोळी हाय का,” असे ती पहिल्याच मिनिटाला म्हणाली. ओट्यावर बसलेल्या खऱ्या मंगळूबाबाने पंच्याचे टोक डोळ्यांना लावले आणि तो आत येऊन पडद्याजवळ जमिनीवर बसला.

सव्विसाव्या मिनिटापर्यंत सर्व सुरळीत चालले. तेथे उंबराचे एक मोठे झाड आले. “ह्या उंबरापास्नं खाली,” कलाबाई म्हणाली, आणि चित्र हिरव्या चौकोनांत फुटले. आवाज खरखरला. नऊ सेकंद काही दिसले नाही आणि काही कळले नाही. मग चित्र पुन्हा जुळले, तोवर मंगळूबाबा पुढच्या शेताकडे वळलेला होता.

उंबराखालचे शेत गेणू नावाच्या माणसाचे होते. बावीस कुटुंबांपैकी एकवीस जणांची नावे कलाबाईच्या तोंडून स्पष्ट आली होती. गेणूचे नाव त्या नऊ सेकंदांत होते.

वाल्मीकने तो भाग आणखी दोनदा चालवून पाहिला. मग त्याने एक तोड सुचवली. नऊ सेकंद कापून टाकावेत आणि दोन्ही टोके जोडावीत. उंबराचे शेत दिसते आहेच, आणि गेणूचे नाव खाली अक्षरांत टाकता येईल. कोणाला कळणारही नाही.

“कळणार नाही, म्हणूनच करायचं नाही,” सुलाबाई म्हणाल्या. “कोणी विचारलं, हे कापलंय का, तर तू काय सांगशील? एका जागी कापलं असं कळलं, की उरलेल्या एकवीस जागीही कापलं असेल असं समोरचा माणूस धरील. मग गेणूचंही जाईल आणि सगळ्यांचं जाईल.”

“मग गेणूचं काय करायचं?”

“खराब आहे ते खराब म्हणून लिहून द्यायचं. किती आहे, कुठे आहे, कशाने झालं. लपवलेल्या डागाची लोकांना भीती वाटते. मोजलेल्या डागाची वाटत नाही.”

त्यांनी स्वच्छ कागदावर तसे लिहिले. वळणदार अक्षरांत, एकाही खाडाखोडीशिवाय, एका पानात. दसऱ्याच्या दिवशी यंत्र चालू असताना टेबलास हादरा बसला, एवढे कारणही त्यात होते. नारळ त्यांनी लिहिला नाही, असे मंगळूबाबाला वाटले, म्हणून त्याने विचारले. त्यांनी नारळही लिहिला होता. म्हाताऱ्याने मान हलवली. “बरं केलं,” तो म्हणाला. खाली सही करून सुलाबाईंनी तो कागद वाल्मीककडे दिला, आणि मग काही विचार करून परत घेतला.

“हा मीच घेऊन येते उद्या. तिथे कोणी काही विचारलं तर तुला सांगता यायचं नाही.”

सुवर्णाने आतून विचारले, की उद्या आलेल्या गिऱ्हाइकांना काय सांगायचे. सुलाबाई म्हणाल्या, पाटी वाचायला सांग.

बुधवारी त्या सकाळच्या एसटीने त्र्यंबकेश्वरला गेल्या. पाड्यावरची तीस-पस्तीस माणसे आधीच येऊन कार्यालयाबाहेरच्या झाडाखाली बसली होती. गेणू हा पन्नाशीचा, अबोल माणूस त्यांना तेथे भेटला. वाल्मीकने त्याला नऊ सेकंदांची हकीकत सांगितली होती. तो सुलाबाईंना म्हणाला, “माझं एकट्याचं गेलं तर जाऊ द्या ताई, बाकीच्यांचं व्हऊ द्या.” सुलाबाईंनी त्याला आपल्यासोबत पुढे बसायला सांगितले.

सुनावणी घेणाऱ्या सरकारी समितीच्या सदस्यांसमोर भिंतीवर चित्रण दाखवण्यात आले. सदस्य आरंभी कागद चाळत होते. कलाबाई मोळीचे बोलली तेव्हा एका सदस्याने कागद खाली ठेवले. मग एकामागून एक शेते येत गेली आणि लिपिक दाव्यांच्या यादीवर खुणा करीत गेला. उंबर आला. चित्र फुटले. अध्यक्षांनी हात वर करून चित्रण थांबवायला सांगितले आणि विचारले, हे काय आहे.

सुलाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी आपले नाव सांगितले, काम सांगितले आणि कागद वाचून दाखवला. एकंदर एकसष्ट खंड, त्यांपैकी सात या चित्रणातील, सव्विसाव्या मिनिटाला नऊ सेकंद. जुनी डिस्क वाल्मीक भोये यांच्याकडे आहे, आणि कोणाला खात्री करायची असल्यास ती तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी, हेही त्यात होते.

“म्हणजे या नऊ सेकंदांत कोणाचं नाव होतं, ते तुम्ही सांगू शकत नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“नाही साहेब. मी तिथे नव्हते. ते बाबा होते.”

सर्वांनी मंगळूबाबाकडे पाहिले. त्याने उठायला वेळ घेतला. बाकीच्या शेतांचे काकूला माहीत होते, ते त्याच्या जन्माच्या आधीचे होते, म्हणून त्याचे बोलणे तेथे कामाचे नव्हते. पण उंबराच्या शेताचे तसे नव्हते. ते सर्वांत शेवटी फोडलेले शेत होते. गेणूच्या बापाने त्यात पहिला नांगर घातला, तेव्हा पुढे बैल धरायला तो होता, दहा-अकरा वर्षांचा. कोणत्या बाजूला खडक लागला, कोणत्या बैलाने शिंग मारले, उंबर तेव्हा किती उंच होता, हे त्याने हाताने दाखवून सांगितले. तो पहिल्यांदा कोणाकडेही न पाहता बोलत होता, मग गेणूकडे पाहून बोलू लागला.

“काकूनं तेच सांगितलं त्या टायमाला,” तो शेवटी म्हणाला. “मी तिच्या खाली व्हतो. मला आयकू येत व्हतं.”

अध्यक्षांनी लिपिकाला त्याची जबानी वेगळ्या कागदावर घ्यायला सांगितली. तिच्यावर मंगळूबाबाचा अंगठा आणि दोन सदस्यांच्या सह्या झाल्या. चित्रण पुरावा म्हणून दाखल करून घेण्यात आले, बावीसही दावे पुन्हा विचारात घ्यायचे ठरले, आणि जागेवर पाहणीसाठी पुढच्या महिन्याची तारीख देण्यात आली. बाहेर झाडाखाली ही बातमी पोहोचली तेव्हा ओरडा झाला नाही. बायकांनी एकमेकींचे हात धरले आणि गेणू जमिनीवर बसून राहिला.

सुलाबाई मात्र आतच होत्या. लिपिक नोंदवहीत लिहीत होता, त्याच्या खांद्यामागे उभ्या राहून त्यांनी ती ओळ वाचली. त्याने नऊच्या जागी एकोणीस सेकंद लिहिले होते.

“भाऊ, नऊ,” त्या म्हणाल्या.

“काय फरक पडतो, बाई?”

“दहा सेकंदांचा पडतो.”

लिपिकाने त्यांच्याकडे पाहिले, मग आकड्यावर रेघ मारली, शेजारी नऊ लिहिले आणि सुलाबाईंनी बोट ठेवले तेथे आपली आद्याक्षरे केली.